सौर कृषी पंप बसवताय? मग या चुका टाळा

जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता लाईट येणार म्हणून उठायचं, हातात बॅटरी घ्यायची आणि साप-विंचवाच्या भीतीत गव्हाला दारं धरायची, हे ज्याने केलंय त्याला दिवसा चालणाऱ्या मोटरचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच सौर पंप बसवून वर्षभरात ‘सोलरमध्ये दम नाही’ म्हणणारा शेतकरी भेटला की मला मनापासून वाईट वाटतं. अशा बऱ्याच शेतांवर जाऊन पाहिलं. बहुतेक ठिकाणी दोष यंत्रात नव्हता, तो बसवण्याआधीच्या निर्णयात होता.

एचपी पाहिला, हेड पाहिला नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत जमिनीवरून एचपी ठरतो: अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. पण मोटरला एकर कळत नाहीत. तिला कळतं ते पाणी किती उंच उचलायचं ते, म्हणजेच हेड. बोअरचे पंप 30, 50, 70, 100 मीटर अशा हेडचे येतात. 30 मीटरचा पंप जेवढं पाणी देतो, त्याच्या साधारण निम्मंच पाणी तेवढ्याच सौर प्लेटांवर 60 मीटरवरून मिळतं. हा निसर्गाचा हिशोब आहे, त्यात कंपनीची फसवणूक नाही.

आपण अर्जावर पातळी लिहितो ती दिवाळीतली, बोअर तुडुंब असतानाची. ती मे महिन्यात मोजा, आणि मोटर तासभर चालल्यावर मोजा. दोरीला दगड बांधून सोडला तरी चालतं. समजा पाणी 140 फुटांवर लागलं, म्हणजे सुमारे 43 मीटर. ठिबकला एक किलो दाब हवा, ते झाले आणखी 10 मीटर. फिल्टर आणि पाइपातली घट पाच-सहा मीटर धरा. बेरीज साठच्या घरात जाते. इथे 50 हेडचा पंप घेतला तर तो उन्हाळ्यात नुसता गरगरत राहील. 70 चाच हवा.

जागा मे महिन्यात निवडली

मे महिन्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो, सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होते आणि कुठलीही जागा मोकळी वाटते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो. आपल्याकडे दुपारी बारालासुद्धा तो निम्म्या आभाळापर्यंतच चढतो. वीस फुटी कडुनिंबाची सावली तेव्हा भर दुपारी अठरा फूट लांब पडते, सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे हरभऱ्याला पाणी हवं त्याच महिन्यांत प्लेटा सावलीत. प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावलीही सगळ्या ओळीला मागे ओढते. दक्षिणेला उसाचा फड असेल तर वाढलेल्या उसाची उंचीही धरा.

सांगाड्याचा कोन बदलता येत असेल तर तो बदला. थंडीत प्लेटा जास्त उभ्या, उन्हाळ्यात जवळजवळ आडव्या. बसवून गेल्यापासून तो नट कुणी सैलच केलेला नाही, अशी शेतं मी मोजणं सोडून दिलं.

धुण्याबद्दल थोडक्यात: पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर धुतल्यावर लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरा थर बसतो आणि तो घासून निघत नाही.

मोटर चालते, पाणी येत नाही

तीन फेजच्या मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर ती उलटी फिरते. आवाज येतो, पाणी नावाला येतं. वायरमनला दोन वायरींची अदलाबदल करून पाहायला सांगा, पण आधी प्लेटांकडून येणारा मुख्य स्विच बंद करून. उन्हात प्लेटांमध्ये वीज असतेच, ती तोडायला महावितरणचा कुठला खटका नाही. चालू भारावर प्लेटांचा कनेक्टर ओढला तर ठिणगी पडून हात भाजतो.

मोटर थोडी चालून बंद पडत असेल तर बोअर कोरडा पडतोय, असा कंट्रोलरचा, म्हणजे मोटर चालवणाऱ्या पेटीचा, इशारा असू शकतो. पुन्हा पुन्हा रीसेट करू नका आणि सेन्सर काढून ‘डायरेक्ट’ तर अजिबात करू नका. मोटर जळेल आणि वॉरंटीही हातची जाईल. पडद्यावर जो कोड येतो त्याचा फोटो काढा आणि तोच तक्रारीला जोडा. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा योजनेतच आहे. प्लेटांच्या मागचे क्रमांक पहिल्याच दिवशी फोटोत घेऊन ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत तक्रार देताना तेच कामी येतात.

ऊन फुकट आहे म्हणून उपसा

ही चूक पंप बिघडवत नाही, बोअर संपवते. वीजबिल नाही, रात्रीची पाळी नाही, म्हणून मोटर सकाळी नऊला सुरू होते ती पाच वाजताच थांबते, पिकाला हवं असो वा नसो. आपल्याखाली बेसॉल्टचा काळा खडक आहे. त्याच्या भेगांत मावतं तेवढंच पाणी.

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाने यावर वेगळी वाट काढली. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी उभारली आणि 2016 पासून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. उपसा थांबवला तर पैसे मिळू लागले. आपल्या शेतातले बहुतेक पंप ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेले नाहीत, त्यामुळे ही सोय आपल्याला नाही. पण अर्ज करताना कडबा कुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवणारा कंट्रोलर मिळतो का, हे जरूर विचारा. साध्या कंट्रोलरवर मात्र असली यंत्रं जोडू नका.

तोवर दर पंधरा दिवसांनी दोरी सोडा, भिजल्या जागी गाठ मारा. गाठी झपाट्याने खाली सरकत असतील तर कितीही कडक ऊन असू द्या, दुपारी एकला मोटर बंद करा.