तरंग-कण द्वैताचा अभ्यास कसा सुरू करावा

‘इलेक्ट्रॉन तरंगही आहे आणि कणही आहे’ हे वाक्य पाठ करून या विषयाला हात घालू नये. आधी प्रयोगात नेमके काय दिसते ते पाहावे.

पहिला प्रयोग स्वतःच करावा. अंधाऱ्या खोलीत कमी शक्तीचा लाल लेझर पॉइंटर घट्ट बसवून त्याच्या तोंडासमोर एक केस ताणून चिकटवावा आणि झोत दोन मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर पाडावा. तो थेट किंवा परावर्तित होऊन कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. भिंतीवर केसाची साधी सावली न पडता केसाला काटकोनात पसरलेली उजेड-अंधाराची ओळ दिसते. केस ०.०७ मिलिमीटर जाड आणि तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असेल, तर मधला रुंद उजळ पट्टा सोडून लगतच्या काळ्या पट्ट्यांमध्ये सुमारे १९ मिलिमीटर अंतर पडते. प्रकाश तरंग मानल्याशिवाय हा हिशोब जुळत नाही.

यानंतर प्रकाशविद्युत परिणाम वाचावा. मंद अतिनील प्रकाश जस्तातून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, पण प्रखर लाल प्रकाशाला ते जमत नाही. म्हणून १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांत येते आणि एका पुंजाची ऊर्जा प्रखरतेवर नव्हे, तर रंगावर ठरते असे मांडले. उलट बाजूने, द ब्रॉयने १९२४ मध्ये पदार्थकणांनाही तरंगलांबी दिली: प्लांकचा स्थिरांक (निसर्गातला एक ठरलेला, अतिशय लहान आकडा) भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग). डेव्हिसन आणि जर्मर यांना १९२७ मध्ये निकेलच्या स्फटिकावरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांत तिचा पुरावा मिळाला.

खरा मुक्काम मात्र टोनोमुरा आणि सहकाऱ्यांच्या १९८९ च्या प्रयोगापाशी करावा, कारण माझ्या मते द्वैत इतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते. त्यात इलेक्ट्रॉनांना पडद्यापर्यंत जायला दोन मार्ग होते आणि ते जवळजवळ एकेकटे सोडले होते. प्रत्येकाचा पडद्यावर एकच ठिपका उमटतो, अर्धा कधीच नाही; सुरुवातीचे ठिपके कसेही विखुरलेले वाटतात, पण हजारो ठिपके साचल्यावर त्यांतून पट्टे उभे राहतात. म्हणजे नोंद कणासारखी होते आणि ती कुठे होण्याची शक्यता किती, हे तरंग ठरवतो. इलेक्ट्रॉन कोणत्या मार्गाने गेला याची खूण कुठेही उरली, तर पट्टे नाहीसे होतात. त्यासाठी कोणी माणसाने पाहण्याची गरज नसते.

शेवटी द ब्रॉयच्या सूत्रात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारी एक ग्रॅमची गोळी घालून पाहावी. तरंगलांबी सुमारे ६.६ × १०⁻³¹ मीटर येते, म्हणजे अणुकेंद्रापेक्षाही कल्पनातीत लहान, आणि तिचे पट्टे दाखवू शकेल अशी फट बनवणे शक्य नाही.