दोन गोळ्या, रिकामा फ्रीजर: एल्कच्या शिकारीला पहिल्यांदा जाताना

कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या .22 रायफलने 25 यार्डांवर झाडलेल्या माझ्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या होत्या. एकदाच. पण ते एकदाच मी पुढची बावीस वर्षं भेटेल त्याला ऐकवत आले. त्याच भरवशावर ऑक्टोबरच्या शेवटी कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात एल्क मारायला गेले. सहा दिवसांत तीन संधी आल्या, दोन गोळ्या उडाल्या, हाती शून्य. तुम्ही जाणार असाल तर माझ्या चुका आधी वाचा. तुमच्या वेगळ्या होतील, पण निदान याच तरी होणार नाहीत.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगाने केवढा तरी. नर 300 किलोच्या पुढे सहज जातो. भारतात 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे मात्र हंगाम, युनिट (म्हणजे शिकारीसाठी आखलेला भाग), परवाना सगळं ठरवून दिलेलं असतं. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी. गोळी झाडायची ती सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. आमच्या युनिटात नराच्या एका शिंगाला चार टोकं हवीत, नाहीतर कपाळावरचं पहिलं टोक 5 इंचांचं हवं. हे सगळं नियमांच्या पुस्तिकेत आहे. दरवर्षी नवी येते, नवीच वाचा. (आईने फोनवर विचारलं, "मुक्या जनावराला कशाला मारायचं गं?" दर रविवारी आमच्याकडे मटण कोण आणायचं, हे मी विचारलं नाही.)

मला घेऊन गेले ते शेजारचे काका. गोरे आहेत, सत्तरी ओलांडलेले, पण आमच्या घरात त्यांना काकाच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक चिमुकली दाबायची बाटली दिली आणि यात बिनवासाची पावडर भर म्हणाले. घरून आणलेली चंदनाची टाल्कम होती, ती मी भरली. त्यांनी हुंगून पाहिली आणि काही न बोलता ओतून टाकली. तुम्ही सरळ कॉर्नफ्लोअर भरा. दाबलं की चिमूटभर धूर निघतो आणि वारा कुठे चाललाय ते दिसतं.

पहिली संधी त्या वाऱ्यानेच घालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमारास वरच्या कुरणात सात-आठ माद्या आणि एक नर चरत होते. आम्ही खाली, ओढ्याकाठी. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, म्हणजे त्यांचा वास आमच्याकडे येत होता. झकास. काकांना मोठा वळसा घालून वरून यायचं होतं, त्याला दोन तास लागले असते. मी हट्ट धरला की सरळ झाडीतून चढू. साडेनऊला ऊन उतारावर आलं, हवा तापली आणि वर चढायला लागली. मी बाटली दाबली, तर पांढरी भुकटी माझ्या नाकासमोरून थेट कुरणाकडे. एका मादीने मान वर केली. पुढच्या दहा सेकंदांत कुरण रिकामं. म्हणून सकाळी ऊन पडल्यावर जनावराच्या वरच्या अंगाला असा, संध्याकाळी गारवा उतरू लागला की खालच्या. आणि ऊन-सावली बदलण्याचा जो अर्धा-पाऊण तास असतो, त्यात हलूच नका. बसून भडंग खा.

नाही, भडंगही खाऊ नका. मी खाल्लं. त्या शांततेत एकेक कुरमुरा फटाक्यासारखा वाजतो, वर लसणाचा वास. डबा तंबूतच ठेवा, खिशात दशम्या न्या. सळसळणारं नायलॉनचं जाकीटही नको, लोकरीचं किंवा फ्लीसचं घाला.

दुसरी संधी तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला. आम्ही दहा हजार फुटांवर एक कडा चढून गेलो आणि समोरच्या उतारावर नर एकटाच, आडवा उभा. माझी धाप लागलेली, कानात ठोके पडत होते. एनसीसीत हवालदार सर छातीवर झोपवायचे, कोपराखाली वाळूची पोती. इथे कमरेएवढं झुडूप, झोपले तर काहीच दिसेना. म्हणून उभ्यानेच रायफल खांद्याला लावली. स्कोपमधला, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतला, काटा त्याच्या छातीवर ठेवला की तो शेपटीकडे जायचा, परत आणला की पोटाखाली. अंतर अडीचशे यार्ड असेल असं मनाशी ठरवलं आणि चाप ओढला. त्याच्या पायांखालचा बर्फ उडाला. तो दोन पावलं पुढे गेला, आमच्याकडे बघितलं आणि कड्यापलीकडे उतरला.

अंतर मोजायचं यंत्र सॅकमध्ये होतं. नंतर काढून मोजलं: 345 यार्ड. माझी थर्टी-ऑट-सिक्स रायफल 200 यार्डांवर जुळवलेली, म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी काट्यावरच लागते. तिची 180 ग्रेनची गोळी 300 वर आठ-नऊ इंच खाली जाते आणि 400 वर सुमारे दोन फूट. म्हणजे मी हललेच नसते तरी ती छातीखालूनच गेली असती. तर यंत्र सॅकमध्ये नाही, गळ्यात. कुठेही थांबलात की जनावर नसतानाच समोरचा खडक, वाळलेलं झाड, कुरणाची कड यांची अंतरं मोजून ठेवा. नर आला की फक्त तो कुठल्या खुणेजवळ आहे ते बघायचं. चढताना माथ्याच्या वीस पावलं अलीकडे थांबा, श्वास खाली येऊ द्या, मगच डोकं वर काढा. आणि उभ्याने नेम धरू नका. बसा, दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला, नळीखाली सॅक नाहीतर चालायच्या दोन काठ्या फुलीसारख्या धरून. तेही जमत नसेल तर गोळीच झाडू नका.

पाचव्या दिवशी मी हे सगळं करायचं ठरवून झाडीत शिरले, आणि चूक तिसरीच निघाली. पन्नास यार्डांवर फांदी मोडल्याचा आवाज. स्कोपला डोळा लावला तर सगळीकडे तपकिरी केस. खांदा की पोट, कळेना. कुरणासाठी सकाळी स्कोप 9 वर, म्हणजे नऊपट मोठं दाखवण्यावर, नेला होता, तो तसाच राहिलेला. हातमोज्याने कडं फिरवून 3 वर आणेपर्यंत तो चालायला लागला होता. घाईत चाप ओढला.

जागेवर गेले तर अंगठ्याएवढ्या जाडीचं अ‍ॅस्पेनचं रोप मधोमध खरवडलेलं, आतलं लाकूड ओलं, पांढरं, सोललेल्या मुळ्यासारखं. बर्फावर त्याच्या ढलप्या. गोळी तिथेच वळली होती. झाडीत स्कोप कायम सर्वांत कमी आकड्यावर ठेवा, लांबचं जनावर तुम्हाला आकडा वाढवायला वेळ देतं. आणि चाप ओढण्याआधी जनावराच्या अलीकडे काय आहे तेही बघा.

नेम चुकला असं वाटलं तरी तपास सोडायचा नाही. जखमी जनावराचा माग काढायचा प्रयत्न करणं इथे कायद्यानेही बंधनकारक आहे. जिथून झाडली तिथे नारिंगी फीत बांधा, तो कुठल्या झाडापाशी होता ते डोक्यात पक्कं करा, अर्धा तास जागेवर बसा. त्याला लागलं असेल तर तो जवळच बसतो, घाईने गेलात तर उठून मैलभर पळतो. मग केस, रक्त, खुरांचे ठसे शोधा. काका आणि मी त्या दिवशी दोन तास ठशांमागून फिरलो. ठसे स्वच्छ, ढांग एकसारखी, बर्फावर लाल ठिपकाही नाही. त्या सहा दिवसांत मला रात्री नीट झोप लागली ती त्याच दिवशी.

नवरा शाकाहारी. घरी आल्यावर त्याने फ्रीजरचा रिकामा कप्पा बघितला आणि विचारलं, मग आता यात मटार ठेवू का? ठेवले.

आता दर शनिवारी रेंजवर जाते. टेबलावर वाळूची पोती ठेवून नाही. पार्किंगपासून धावत यायचं, वीस बैठका काढायच्या, खाली बसायचं आणि एका मिनिटाच्या आत 200 यार्डांवर टांगलेल्या जेवणाच्या कागदी ताटलीवर एक गोळी. पुन्हा धावायचं. असं पाचदा. आजूबाजूचे बघतात, बघू देत. मागच्या शनिवारी चार ताटलीत लागल्या. पाचवी कुठे गेली ते काकांना दुर्बिणीतूनही दिसलं नाही.