भाच्याचं कॉलेज 'नॅशनल चॅम्पियन' झालं म्हणे! किती हुरळायचं ते असं ठरवा

मागच्या नोव्हेंबरात, दिवाळीचा चिवडा अजून डब्यात होता तेव्हा, घरच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज आला. "आपल्या सोहमचं कॉलेज अमेरिकेत नॅशनल चॅम्पियन!!" खाली अभिनंदनांची रांग, दोन जणांनी तर पेढ्यांचे फोटोही टाकले. मी इथे अमेरिकेत, आयोवा राज्यात, चौदा वर्षं काढलीत म्हणून काकांनी मला वेगळा मेसेज केला, की हे म्हणजे रणजी जिंकल्यासारखं का गं? मी विचारलं कुठल्या खेळात, तर ते कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्याही घरातलं कोणी इकडे शिकत असेल तर असा मेसेज कधीतरी येणारच, म्हणून लिहून ठेवते.

पहिलं म्हणजे कपाच्या फोटोवर जाऊ नका. कॉलेजांचे खेळ चालवणारी एनसीएए नावाची संस्था दोन डझनभर खेळांत मिळून नव्वदच्या आसपास चॅम्पियनशिप घेते, आणि लाकडी ट्रॉफी बहुतेक सगळीकडे सारखीच, बास्केटबॉल असो की फेन्सिंग, डिव्हिजन वन असो की थ्री (डिव्हिजन म्हणजे कॉलेजांचे गट, वन सगळ्यात वरचा). त्यामुळे आधी खेळ विचारा आणि लगेच डिव्हिजन विचारा. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिपच देत नाहीत, पोरं अभ्यास सांभाळून खेळतात. म्हणून ते हलकं असं नाही, पण ती पंगतच वेगळी.

मग विचारा, कप दिला कोणी. गंमत म्हणजे सगळ्यात मोठा मान ज्या खेळाला, त्या अमेरिकन फुटबॉलच्या वरच्या गटाचा कप एनसीएए देतच नाही! वर्षानुवर्षं पत्रकार आणि कोच मतं देऊन चॅम्पियन ठरवायचे, प्लेऑफ, म्हणजे निवडक टीमची बाद फेरी, सुरू झाला 2014 च्या सीझनपासून, तोही चारच टीमचा, 2024 ला बारा झाल्या. म्हणून जुने आकडे ऐकताना कान टवकारून ऐका. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी 28 टायटल सांगते, त्यात 1869 सुद्धा धरलंय, आणि त्या वर्षी अख्ख्या देशात टीम होत्या दोन, मॅच झाल्या दोन, दोघांनी एकेक जिंकली :) आणि 2017 च्या सीझनला सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटीला एकही मॅच न हरता प्लेऑफमध्ये घेतलं नाही, शेवटी 13 पैकी 13 जिंकल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःला चॅम्पियन म्हणवून डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली.

तिसरं, स्पर्धेत उतरतात किती जण. बास्केटबॉलला डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं, त्यातली 68 मार्चमधल्या बाद फेरीत, एक हरलात की घरी. त्यामुळे तो कप खरंच भारी. उलट पुरुषांचा वॉटर पोलो बघा, खेळणारी कॉलेजं मोजकीच, 1969 पासून एकदाही कप कॅलिफोर्नियाच्या बाहेर गेलेला नाही.

पण नुसते आकडे मोजून भागत नाही, गावात काय होतं ते बघावं लागतं, आणि इथे मी जरा रेंगाळणार कारण विषय कुस्तीचा आहे. कुस्ती डिव्हिजन वनमध्ये पाऊणशेच्या आसपास कॉलेजं खेळतात, टीव्हीवर फुटबॉलपुढे काहीच नाही, न्यूयॉर्कमध्ये विचाराल तर लोक खांदे उडवतील. आयोवात मात्र उलटं. आमच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर एक आजोबा असतात, त्यांचे कान पाहिले आणि मला एकदम कोल्हापूरची तालीम आठवली, तेच मोडलेले, भज्यासारखे कान. विचारलं तर म्हणाले हो, कॉलेजात खेळायचो, आणि खिळे मोजता मोजता मला 'रायडिंग टाइम' समजावला: खालच्याला दाबून ठेवण्यात तुमचा वेळ त्याच्यापेक्षा मिनिटभर जास्त भरला की एक गुण तुमचा. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलला हे नसतं. नोव्हेंबर 2015 मध्ये आयोवा आणि ओक्लाहोमा स्टेटची कुस्ती चक्क फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवली होती, माणसं आली 42,287! आयोवाकडे टीमची 24 टायटल, ओक्लाहोमा स्टेटकडे 34. पण टीमचं टायटल म्हणजे दहा वजनी गटांतल्या पोरांच्या गुणांची बेरीज, लोकांच्या तोंडी राहतो तो पैलवान. केल सँडरसन आयोवा स्टेटकडून (हे आयोवातलंच दुसरं कॉलेज) 159 लढला आणि 159 जिंकला, चार वर्षं चार टायटल. त्या वर्षांत त्याची टीम कितवी आली ते विचारा, आजोबा पण डोकं खाजवतील.

म्हणून टेनिस, ॲथलेटिक्स, कुस्ती असल्या खेळांत टीमचा कप की एकट्याचा, हे नक्की विचारा. आपला टेनिसवाला सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून 2007 आणि 2008 ला एकेरीचा चॅम्पियन झाला, 2007 च्या फायनलला समोर जॉन इस्नर होता. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून उंच उडी 2018 आणि 2022 ला जिंकली. ग्रुपवर असा मेसेज आला तर पेढे नाही, जेवण घाला.

वर्षही बघा, मान एका जागी थांबत नाही. महिलांचं बास्केटबॉल एनसीएएने घेतलंच 1982 पासून, त्याआधीचे कप त्यांच्या वहीत नाहीत. आणि 2024 ला महिलांची फायनल सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिली, पुरुषांची 1 कोटी 48 लाखांनी. ती महिलांची फायनल आम्ही आयोवावाले हरलो, साउथ कॅरोलिनाकडून, तरी इथे आमच्या टीमच्या केटलिन क्लार्कचा 22 नंबरचा शर्ट अजून जिकडेतिकडे दिसतो.

आणि एनसीएएचं नाव नाही म्हणून नाक मुरडू नका. स्क्वॉशची स्पर्धा त्यांच्या बाहेरची, पण कनेटिकटमधलं छोटंसं ट्रिनिटी कॉलेज 1998 ते 2012 सलग 252 मॅच जिंकलं, त्यात भारतातून गेलेली पोरंही होती.

तर सोहमचं. त्यालाच फोन लावला, म्हटलं खेळ कुठला, डिव्हिजन कुठली. डिव्हिजन थ्री, महिलांची फील्ड हॉकी. मी ग्रुपवर हे सगळं नीट, समजेल असं लिहिलं, चांगला कप आहे, पोरींनी कष्टाने मिळवलाय, रणजी मात्र नाही. दहा मिनिटं शांतता. मग काकूंचा मेसेज: "बरं बरं, पण सोहमने गोल किती केले?"