वकिलाकडे जाताना पिशवीत काय काय हवं (हायकोर्टाच्या निकालाची बातमी सोडून)

मी वकील नाही हे आधीच सांगतो, एका वकीलसाहेबांकडे टायपिंग आणि फाइलचं काम बघतो, सांगलीला. हल्ली दर दोन पक्षकारांमागे एक जण मोबाईल पुढे करतच आत येतो, "हे बघा, हायकोर्टाचा निकाल आलाय, आपलं काम झालंच समजा". बातमीचा स्क्रीनशॉट असतो, तोही अर्धा कापलेला, आणि स्वतःच्या केसचा कागद विचारला की "तो घरी राहिला".

तर निकाल दाखवायचाच असेल तर पूर्ण पीडीएफ आणा. पहिल्या पानावर 2024:BHC-AS अशा टाइपचा नंबर असतो, तो लिहून घ्या, त्यातल्या अक्षरांवरून कुठलं खंडपीठ ते कळतं (AUG म्हणजे औरंगाबाद, NAG म्हणजे नागपूर). आणि तो निकाल सुप्रीम कोर्टात गेलाय का ते बघाच. 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांचंच घ्या, 21 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना सोडलं आणि तीनच दिवसांनी, 24 तारखेला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत जेलमध्ये घालायचं नाही, पण हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही. मधल्या तीन दिवसांत ज्यांनी तो फॉरवर्ड केला त्यांनी पुढची बातमी कुणाला पाठवली असेल असं मला वाटत नाही.

मग एका कोऱ्या पानावर तारखा लिहा, फक्त तारखा, एकाखाली एक. काय झालं ते साहेब विचारतील, पण कधी झालं ते तुम्हालाच माहीत. खालच्या कोर्टात दावा हरला असाल तर जिल्हा कोर्टात अपिलाला 30 दिवस आणि हायकोर्टात 90, आणि निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्या दिवसांत धरत नाहीत. म्हणून निकाल लागला की आधी नकलेचा अर्ज टाका. नकलेच्या मागे शिक्का असतो, अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. ते मागचं पान झेरॉक्सवाला हमखास सोडतो, त्याला सांगून काढून घ्या.

पोलिसांचं प्रकरण असेल तर एफआयआरची कॉपी, अटकेचे कागद आणि रिमांडच्या वेळी हातात जे काय दिलं असेल ते सगळं. वरळीच्या बीएमडब्ल्यू हिट अँड रन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 6 नोव्हेंबर 2025 ला सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल त्या भाषेत, आणि लगेच जमत नसेल तर तोंडी सांगून निदान मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या दोन तास आधी तरी. पण हे इथून पुढच्या अटकांसाठी, असंही त्यातच म्हटलंय. म्हणजे तुमच्या भावाला 2023 ला उचललं असेल तर नुसता हा निकाल दाखवून भागणार नाही, परत गाडी तारखेवरच येते.

नोकरीवरून काढलं असेल तर नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, पीएफचं पासबुक, आणि काढल्याचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटसुद्धा. हसू नका. माझ्या मामांनी पाकीट फेकून दिलं, पत्रावरची तारीख एक आणि प्रत्यक्षात हातात पडलं त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि युनियनच्या कायद्याखालची (एमआरटीयू-पल्प, म्हणजे मालकाच्या अनुचित वागणुकीविरुद्धची) तक्रार 90 दिवसांत टाकायची असते, मग उशीर का झाला याचाच वेगळा अर्ज करत बसलो. हुद्द्याच्या नावावरही जाऊ नका, कार्डावर "मॅनेजर" छापलं म्हणून कामगार नाही असं ठरत नाही, रोज नेमकं काय करत होता ते कोर्ट बघतं, तेव्हा तेही अर्धं पान लिहून आणा. आणि काढल्यापासून दुसरीकडे कुठे कुठे अर्ज केले त्याचे ईमेल ठेवा. एका शिक्षिकेच्या केसमध्ये औरंगाबाद खंडपीठाने मागचा पगार नाकारला होता तो 2013 ला सुप्रीम कोर्टाने परत दिला, पण नियम असा घातला की मधल्या काळात मला काम नव्हतं हे आधी नोकराने सांगायचं, मग उलटं सिद्ध करायचं ते मालकाने.

जमिनीचं असेल तर सातबारा, फेरफार, मूळ खरेदीखत, हे सगळ्यांना पाठ आहे. चुकतं ते मोबाईलमध्ये. व्हॉट्सअॅपचे प्रिंट काढून आणतात आणि फोन एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे! जालन्याची 2014 ची विधानसभा आठवा, शिवसेनेचे अर्जुन खोतकर 296 मतांनी आले, हरलेले काँग्रेसचे कैलास गोरंट्याल कोर्टात गेले की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी 3 ची मुदत संपल्यावर घेतला. पुरावा काय, तर निवडणूक ऑफिसमधलं व्हिडिओ शूटिंग. त्याच्या सीडीसोबत लागणारं सर्टिफिकेट (ही कॉपी कुठल्या यंत्रातून कशी काढली याचं) मागून मागून अधिकाऱ्यांनी दिलंच नाही. हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, आणि जुलै 2020 ला सुप्रीम कोर्टाने ती रद्दच ठेवली, पण सांगितलं की कॉपी दाखल करायची तर सर्टिफिकेट पाहिजेच, गोरंट्यालांना सूट मिळाली कारण त्यांनी मागणीत काही कसर ठेवली नव्हती, त्याचे कागद होते. आणि मूळ फोनच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केला तर सर्टिफिकेट लागत नाही. नव्या साक्ष कायद्यात, 1 जुलै 2024 पासून, त्या सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. म्हणून फोन जपा, रीसेट मारू नका, नातवाला गेम खेळायला देऊ नका, आणि सीसीटीव्ही दुसऱ्याचा असेल तर फूटेज लेखी मागा, पोच घ्या, कारण ते आपोआप पुसलं जातं.

कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 ला सुरू झालं त्यामुळे आपल्या भागाला मुंबईची रात्रीची गाडी तेवढी सुटली, पण म्हणून तारखेच्या आदल्या संध्याकाळी फाइल घेऊन येऊ नका. दोन सेट झेरॉक्स, मूळ कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांना स्टेपल मारायचं नाही. आणि चार्जर आणा, आमच्याकडे एकच आहे आणि तो साहेबांचा.