ज्वारी, पाऊस आणि 'सिंग्युलर फिट'

गावागावांच्या ज्वारी उत्पन्नाची अनेक वर्षांची नोंद होती. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या एलएमई-फोर (lme4) या पॅकेजमध्ये गाव रँडम इफेक्ट धरला, म्हणजे प्रत्येक गावाचा इंटरसेप्ट (उत्पन्नाची मूळ पातळी) वेगळा; पावसाचा स्लोपही (पावसागणिक उत्पन्न किती बदलतं ते) गावागणिक वेगळा. लगेच इशारा: मॉडेल कन्व्हर्ज झालं नाही, म्हणजे गणित स्थिर उत्तरावर पोहोचलं नाही. पाऊस मिलिमीटरमध्ये, आकडे शेकड्यांत. सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागलं, इशारा गेला. मग 'सिंग्युलर फिट' उपटलं, म्हणजे रँडम इफेक्टचा एखादा अंदाज टोकाला जाऊन अडकला! समरी उघडली तर इंटरसेप्ट-स्लोपचं कोरिलेशन (परस्परसंबंध) चक्क १.००. गावं मोजकीच, एवढ्या डेटातून ते निघणार कुठून? मॉडेलच्या सूत्रातल्या एका उभ्या रेघेच्या (|) जागी दोन (||) टाकल्या, म्हणजे ते कोरिलेशन शून्य धरलं जातं. मॉडेल मुकाट्याने बसलं. ही युक्ती आकडी व्हेरिएबललाच लागू पडते. बियाण्याच्या वाणासारखा फॅक्टर (आकड्यांऐवजी गट असलेला व्हेरिएबल) असेल, तर दोन रेघांनीही कोरिलेशन सुटत नाही.