कॅलिफोर्नियात तिकीट मिळालं? ट्रॅफिक स्कूलला बसता येतं का, ते आधी बघा

आमच्या फ्रीमाँटच्या मंडळींत कुणाला वाहतुकीचा नियम मोडल्याचं तिकीट मिळालं की फोन मलाच येतो. परवा भाच्याचा आला: ‘मावशी, ८८० हायवेवर ताशी ६५ मैलांची मर्यादा, मी ८२ वर होतो.’

म्हटलं, आधी तिकिटावरची तारीख वाच. ट्रॅफिक स्कूल म्हणजे वाहतूक नियमांचा कोर्स; तो केला की तिकिटाचा पॉइंट, म्हणजे लायसन्सच्या नोंदीवरचा ठपका, विमा कंपनीला दिसत नाही. मागच्या वेळी ते केलं असेल, तर त्या गुन्ह्यापासून या गुन्ह्यापर्यंत १८ महिने उलटलेले हवेत. मोजायचं गुन्ह्याच्या तारखेपासून. कोर्स कधी संपवला याला अर्थ नाही. इथेच बरेच जण फसतात.

मग वेग. मर्यादेपेक्षा २५ मैलांहून जास्त असेल तर कोर्टाचा क्लार्क परवानगी देऊ शकत नाही, न्यायाधीशांपुढे विनंती करावी लागते. भाचा १७ नेच वर, म्हणजे सुटला. लायसन्स चालू हवं, गाडी खासगी हवी. दारू-ड्रग्जचं प्रकरण असेल तर विषयच संपला. दिवा फुटलेला वगैरे तिकिटांना पॉइंट नसतो, मग शाळा कशाला?

दंड मात्र पूर्ण भरायचाच, वर कोर्टाची फी आणि शाळेची फी वेगळी. चुटकीसरशी ऑनलाइन दंड भरून मोकळे होऊ नका. भरतानाच ट्रॅफिक स्कूलचा पर्याय निवडा, नाहीतर पॉइंट लागतो आणि विमा कंपनीला तो दिसतो.

शाळा डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन खात्याच्या) परवानाधारक यादीतलीच घ्या. घरबसल्या होते. कोर्टाने दिलेल्या मुदतीच्या आत संपवा, आणि कोर्टाकडे नोंद पोचली का ते स्वतः तपासा.