उन्हाळ्यात गोल्फ कोर्सचं गवत कसं टिकवायचं (हरळीच्या ग्रीनवाल्यांसाठी)

पहिली गोष्ट, इंग्लंडचे नाहीतर उत्तर अमेरिकेचे व्हिडिओ बघून आपल्या ग्रीनवर (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) प्रयोग करू नका. तिकडे ग्रीनवर बेंटग्रास असतं, ते थंड हवेचं गवत, पारा तिशीच्या वर गेला की त्याची मुळं आखडतात, म्हणून ते लोक दुपारी फवारे मारतात, ग्रीनशेजारी पंखे लावतात, खत हात आखडून देतात. आपल्याकडे पुणे, नाशिक, नागपूर, बहुतेक ठिकाणी ग्रीनवर बर्म्युडा असतं, टिफड्वार्फ नाहीतर टिफईगल जातीचं, म्हणजे हरळीच्याच जातकुळीतलं. किनाऱ्याकडे एखाद्या कोर्सवर पॅस्पॅलम नावाचं दुसरं गवत सापडेल. हरळीला ऊन हवंच असतं. ज्याने शेतात हरळीच्या काशा वेचल्यात त्याला विचारा, नांगरून उलथून टाकली तरी पाऊस पडला की पुन्हा हजर. त्यामुळे एप्रिलमध्ये ग्रीन करपलं की उन्हाला शिव्या देण्याआधी ग्रीनखालच्या वाळूच्या थरात पाणी पोचतंय का ते बघा.

(ज्या कोर्सवर ग्रीनऐवजी अजून तेल-वाळूचे ब्राऊन आहेत, त्यांनी टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, आणि फेअरवे, म्हणजे टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा, एवढ्यापुरतं वाचलं तरी चालेल.)

१. पाण्याचा हिशोब

१ मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, एवढं पाठ असलं की झालं. एप्रिल-मेमध्ये ग्रीनला दिवसाला साधारण ५ मिमी धरा. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला अडीच हजार लिटर, १८ ग्रीनला ४५ हजार. तेच १० हेक्टर फेअरवेला द्यायचं म्हटलं तर ५ लाख लिटर. मग पाणी कमी पडल्यावर कात्री कुठे लावायची ते वेगळं सांगायला नको: रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, आधी सोडा, मग फेअरवेचे दिवस कमी करा, टी जमेल तसे, ग्रीन शेवटपर्यंत धरून ठेवा. फेअरवे पिवळे पडले म्हणून मेंबर ओरडतील, ओरडू द्या, खाली काशा जिवंत असतात, पावसात सगळं परत हिरवं होतं. आणि आसपास टँकर फिरत असताना आपण पिण्याचं पाणी गवतावर ओतलं तर लोक बोलणारच. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, वाद मैदानाच्या पाण्याचाच होता. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळणारं पाणी घ्या. त्याची वेगळी डोकेदुखी असते, ती पुढे येईलच.

वेळ पहाटेची, ४ ते ६. रात्रभर पानं ओली ठेवू नका.

२. कापणी

ब्लेडला धार, कापणीची उंची नेहमीपेक्षा अर्धा मिमी वर, टिफड्वार्फ असेल तर ४ ते ४.५ मिमी, आणि पाण्याची फारच ओढ असेल तर एक दिवस मोवर शेडमध्येच राहू दे. ग्रीनवर चेंडूचा स्पीड कमी झाला म्हणून कोणी मरत नाही.

३. खत

उन्हाळ्यात खत बंद करा हा सल्ला बेंटवाल्यांचा. आपलं गवत याच दिवसांत जोरात वाढतं, त्याला उपाशी ठेवलं तर खेळाने पडलेल्या जखमा भरतच नाहीत. दर पंधरवड्याला चौरस मीटरला १ ते १.५ ग्रॅम नत्र, थोडं थोडं, आणि टाकलं की लगेच पाणी. पालाश द्यायचं तर सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं पण त्यात क्लोराइड असतं आणि पाणी आधीच खारं असेल तर उगाच भर.

४. ड्राय पॅच, म्हणजे खरी लढाई

या एका गोष्टीने मला जेवढं छळलंय तेवढं कुठल्याच रोगाने नाही, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो.

मार्च संपता संपता ग्रीनच्या उंचवट्यावर, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) काठाला, परातीएवढे डाग दिसायला लागतात. आधी निळसर राखाडी झाक येते, चाललं की पावलांचे ठसे उमटून तसेच राहतात, मग दोन-तीन दिवसांत तांबूस. शेजारचं गवत हिरवंगार. माळी म्हणतो पाणी कमी पडतंय, सेक्रेटरी म्हणतात पाणी कमी पडतंय, मग पॉप-अप स्प्रिंकलर दहा मिनिटांचे वीस मिनिटं चालवले जातात, डाग आहे तिथेच आणि खोलगट बाजूला चिखल, शेवाळ, पायाखाली नुसती पचपच. हे करू नका. कितीही दबाव आला तरी करू नका, कारण एका डागापायी उरलेल्या ग्रीनची मुळं कुजवून बसाल आणि मग मे महिन्यात दोन आजार एकदम निस्तरावे लागतील.

होतं काय, कुजलेल्या मुळापानांचा मेणचट थर वाळूच्या कणांवर चढतो. अशी वाळू एकदा पूर्ण सुकली की ती पाणी आत घेतच नाही, तुपकट ताटावर पाणी ओतल्यासारखं ते गोळा होऊन उताराने निघून जातं. वरून ग्रीन ओलं दिसतं, खाली पीठ.

आधी खात्री करा की हा ड्राय पॅचच आहे. डाग दोन स्प्रिंकलरच्या मधोमध कमानीसारखा असेल तर नोझल बघा, बहुतेक चोकअप असतं. गवत हाताने ओढल्यावर मुळाशिवाय सुटून आलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. दोन्ही नसेल तर प्रोबने (मातीचा नमुना काढायच्या नळीने) १० सेमीचा गाभा काढा, सावलीत आडवा ठेवून दोन-तीन दिवस वाळू द्या आणि ड्रॉपरने वरपासून दर सेंटिमीटरला एकेक थेंब सोडा. पाच सेकंदांच्या आत मुरला तर वाळू ठीक आहे. तसाच बसून राहिला तर सापडला चोर. बहुतेक वेळा भानगड वरच्या ५ सेमीतच असते, म्हणून दुरुस्तीही तिथेच करायची.

भोकं पाडा. हातातला सॉलिड टाइन फोर्क (भरीव दात्यांचा काटा) घ्या, ८ ते १० मिमी जाडीचा, ७-८ सेमी खोल, ५ सेमी अंतराने, आणि डागाच्या बाहेर हातभर जाऊन पाडा कारण डाग दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. मग वेटिंग एजंट, म्हणजे पाणी वाळूत मुरवणारं औषध, लेबलवर आहे तेवढाच, त्याहून एक मिली जास्त नाही, पहाटे, आणि मारल्या मारल्या ५-६ मिमी पाण्याने खाली धुऊन टाका. पानांवर राहिला तर उन्हात पानं जळतात आणि मग सगळे औषधाला दोष देतात. भांड्यांचा साबण पाण्यात घालून मारा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतील, स्वस्त पडतं म्हणे. त्याने पानावरचं नैसर्गिक मेण जातं आणि बऱ्याच साबणांत सोडियम असतं, जे आपल्याकडे आधीच नको इतकं आहे. साबण भांड्यांना ठेवा.

यानंतर हाताने पाणी मारायचं, पाइपने, आणि इथेच सगळे कंटाळा करतात. बारीक धारेचं नोझल, डागावर पाणी साचायला लागलं की थांबायचं, दुसऱ्या डागाकडे जायचं, दहा-पंधरा मिनिटांनी परत पहिल्याकडे. असे तीन-चार फेरे. एका दमात पाणी ओतलं तर ते भोकाबाहेरूनच वाहून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोब मारून बघा ओल किती खोल गेली, ७-८ सेमीपर्यंत ओल लागली नाही तर परत तेच. मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम, नसेल तर बोट आहेच. पाइप कोणाच्या हातात द्यायचा हे फार महत्त्वाचं, तुमच्याकडचा सगळ्यात चिकाटीचा माणूस तिथे हवा, काल भरती झालेला पोरगा नको, भले त्यासाठी फेअरवेचं मोवर एक दिवस उभं राहिलं तरी चालेल. एकदा डाग मुरवला की वाळू परत पूर्ण सुकू द्यायची नाही, पावसापर्यंत महिन्याला वेटिंग एजंटचा एक हलका डोस चालू ठेवा.

दुपारी पाणी मारलं की थेंबांनी पानं भाजतात असं म्हणतात. भाजत नाहीत. दुपारी सगळं ग्रीन भिजवायची गरज नसते एवढंच, पण एखादा डाग कोमेजताना दिसला तर १ वाजता पण बिनधास्त पाइप घेऊन जा.

५. खारं पाणी

बोअरचं आणि एसटीपीचं पाणी मार्चमध्ये लॅबला पाठवा, ईसी (पाण्यात एकूण क्षार किती ते दाखवणारा आकडा), सोडियम, बायकार्बोनेट बघून घ्या. ईसी मीटरला ३ डेसिसिमेन्सच्या वर असेल तर त्या पाण्यावर एकट्यावर उन्हाळा काढू नका, जमेल तिथे गोडं पाणी मिसळा. पानांची टोकं जळाली, वर पांढरी खपली दिसली, की मीठ धुऊन खाली काढायची वेळ झाली: रात्री २५ ते ३० मिमी पाणी, तीन-चार हप्त्यांत, मधे थांबून, आणि सकाळी ड्रेनच्या तोंडाशी पाणी येतंय का ते स्वतः जाऊन बघायचं. नाही आलं तर मीठ खाली गेलेलं नाही, मधेच थांबलंय. सोडियम जास्त असेल तर धुण्याआधी जिप्सम. आणि क्रम चुकवू नका, आधी ड्राय पॅच मोडा मग धुवा, नाहीतर पाणी डागाला वळसा घालून जातं आणि मीठ नेमकं डागातच राहतं.

६. बाकीचं

हलका व्हर्टिकट (उभ्या पात्यांची कापणी) आणि पातळ टॉपड्रेसिंग (वरून वाळू पसरणं) चालू ठेवा, वाळू मूळ ग्रीनमध्ये आहे त्याच जाडीची, नदीकाठची भुरभुरीत माती मिसळलेली नको. कोअरिंग, म्हणजे पोकळ दात्यांनी मातीचे गाभे काढणं, करायचं तर पाण्याची खात्री असेल तरच. काळ्या मातीच्या फेअरवेला भेगा पडल्या तर वाळू भरा. गोल्फ कार्ट त्यांच्या पाथवरच राहू देत.

७. वळीव आला की

पहिला जोराचा वळीव पडला की सगळे पंप बंद करून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या डागांवर प्रोब मारा, वरून वाहून गेलेला पाऊस आत मुरलेला नसतो, तिथे भोकं पाडून पाइप चालूच ठेवावा लागतो. त्याच दिवसांत संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर टॉर्च मारून बघा, हुमणीचे भुंगेरे पाला खायला येतात. फांद्या हलवून खाली पाडा, गोळा करून रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत टाका, सलग काही संध्याकाळी. कोर्सच्या कुंपणाबाहेरची झाडंही सोडू नका, शेजारच्या शेतकऱ्याला सांगितलं तर तोही येतो, त्याच्या उसालाही तीच हुमणी लागते.